आधी त्यांच्या आईसाठी

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की कुणी ना कुणी विचारतंच, "काही कळलं का भारतातून?" अजून नाही म्हटलं की बहुतेक जण माझा हात हातात घेऊन म्हणतात, "मुलं लवकर मिळावीत म्हणून आम्ही रोज प्रार्थना करतोय." त्यांचं प्रेम मला कळतं. पण आमच्या घरात आम्ही ही प्रार्थना अशी करत नाही. का करत नाही, हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही मूळचे नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. गेली कित्येक वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या प्लेनोत राहतो. नवरा, मी, नऊ वर्षांची लेक आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच मम्मी म्हणतात. भारतातून दोन सख्खी भावंडं दत्तक घ्यायची असं आम्ही ठरवलं. कागदपत्रं दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे काराकडे, गेली आणि तेव्हापासून आम्ही रांगेत आहोत. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज नोंदणीच्या वेळी 90 च्या पुढे गेलेली होती, त्यामुळे नियमाप्रमाणे चार वर्षांखालचं मूल आम्हाला मिळणार नाही. आम्हाला ते नकोही होतं. भारतात बहुतेक पालक दोन वर्षांच्या आतलं बाळ मागतात. सहा-सात वर्षांचा भाऊ आणि त्याच्या पाठची बहीण, अशा जोडीला घर मिळणं अवघड जातं. आपल्याकडे जागा आहे ती अशांसाठी, हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं.

आता प्रार्थनेचं. मम्मी मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, त्यातली पुष्कळ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात. आमचा अर्ज गेला त्या आठवड्यात एका रात्री भाजी निवडताना त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, जेमतेम अठरा-एकोणीसची. बाळ ठेवता येणार नाही असं तिच्या घरच्यांनी ठरवलेलं. दत्तक संस्थेच्या बाई बाळाला न्यायला आल्या तेव्हा तिनं "थांबा" म्हटलं, पदराखाली घेऊन बाळाला पाजलं, ढेकर येईपर्यंत खांद्यावर धरलं, पाठ चोळली. मग मम्मींना म्हणाली, "ह्याला गार सोसत नाही. तिकडं सांगाल का?" मम्मींनी सांगितलं. संस्थेच्या बाईंनी वहीत लिहूनही घेतलं. त्यानंतर ती मुलगी मम्मींना कधीच दिसली नाही.

"आता तीसुद्धा पन्नाशीला आली असेल," मम्मी म्हणाल्या. "त्या पोराला घर मिळावं म्हणून सगळ्यांनी प्रार्थना केली असेल. तिची कुणी आठवण केली का?"

त्या रात्रीपासून आमच्याकडे क्रम ठरला. आधी मुलांच्या आईसाठी प्रार्थना. मग त्यांचा बाप, आजी, मामा, जो कुणी असेल त्याच्यासाठी. त्यांच्यापैकी एखाद्याला मुलांना सांभाळता येण्यासारखं असेल तर ती वाट मोकळी व्हावी म्हणून. आणि मग आमच्यासाठी.

हे म्हणायला सोपं आहे, पण करताना घशात आवंढा येतो. नवऱ्यानं सुरुवातीला सरळ विचारलं होतं, "मग आपण नोंदणी कशाला केली? आपल्याला मुलं मिळू नयेत असंच मागायचं का?" त्याचा प्रश्न रास्त होता. पण कायदा काय सांगतो ते आम्ही दोघांनी शांतपणे वाचलं तेव्हा मम्मींचं म्हणणंच त्यात दिसलं. आईनं किंवा आईबापांनी बालकल्याण समितीपुढे मूल सोपवलं, तरी विचार बदलायला त्यांना दोन महिने मिळतात. टाकून दिलेलं मूल सापडलं, तर वर्तमानपत्रात फोटोसकट जाहिरात द्यावी लागते, कुणी ओळखतंय का ते पाहावं लागतं. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिने आणि मोठं असेल तर चार महिने हा शोध चालतो. कुणीच पुढे आलं नाही तरच मूल दत्तक देण्यास मोकळं आहे असं समिती जाहीर करते. हेगचा 1993 चा आंतरदेशीय दत्तक करार, ज्यात भारत 2003 साली आणि अमेरिका 2008 साली आली, तोही हाच क्रम धरतो. आधी मुलाचं स्वतःचं कुटुंब, मग त्याच्या देशातलं घर, आणि परदेश सगळ्यात शेवटी.

म्हणजे "लवकर" म्हणून आपण देवाकडे जे मागतो, ते त्या चार महिन्यांतलेच आठवडे असतात. एखाद्या आजोबांच्या हातात तो पेपर पडायचा असेल, तर तो आधी पडू दे. मला मनापासून असं वाटतं की आमचा नंबर शेवटी आहे आणि तो तिथंच असावा.

"तुम्ही केवढं पुण्याचं काम करताय" असं नगरहून फोनवर कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. ज्या मुलाला आपलं घर, आपली भाषा, आपली माणसं सोडून तेरा-चौदा हजार किलोमीटर लांब यावं लागतं, त्यानं आधी खूप काही गमावलेलं असतं. आमच्या घरात त्या दिवशी आनंद असेल. त्याच दिवशी ते मूल रडेल, आणि त्याचं रडणं आम्हाला सोसता आलं पाहिजे. इथं परदेशी दत्तकाआधी किमान दहा तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यात हे सगळं शिकवतात. मूल उशीखाली पोळ्या लपवेल, रात्री दिवा मालवू देणार नाही, पहिल्या आठवड्यात फार गोड वागेल आणि दुसऱ्या महिन्यात दार आपटेल. हे प्रशिक्षण मूल जन्माला घालणाऱ्यांनाही दिलं तर बरं, असं मला ते ऐकताना वाटलं.

आमची लेक या सगळ्यात पूर्ण सामील आहे. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती अर्जाला लागते, म्हणून समाजसेविकेनं तिच्याशी वेगळं बसून बोलणं केलं. बोलून आली आणि तिनं एक तक्ता करायला घेतला. मुलं कुठल्या राज्यातून येतील ते माहीत नाही, म्हणून फ्रिजवर आडव्या रांगेत भाषा आणि उभ्या रांगेत पाणी, भूक, दुखतंय, भीती वाटते, शू लागली. तमिळचा रकाना चर्चमधल्या एका काकूंनी भरून दिला, तेलुगूचा शेजारच्या आजोबांनी. ओडियात पाण्याला जवळजवळ आपल्यासारखंच म्हणतात हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. आता ती दात घासताना "तण्णी, नीळ्ळु, जल, पाणि" असं घोकत असते. "भीती वाटते" सगळ्यांत आधी पाठ करायचं असं तिनंच ठरवलंय, कारण तिच्या मते पाणी बोट दाखवून मागता येतं.

मधल्या काळात आमच्या चर्चमधल्या एका जोडप्यावर मोठा घाव पडला. त्यांना चीनमधली एक मुलगी नेमून दिलेली होती, फोटो आलेला होता. 2020 च्या साथीत सगळं थांबलं, आणि सप्टेंबर 2024 मध्ये चीननं परदेशी दत्तकच बंद केल्याचं जाहीर केलं. नातेवाईक असणाऱ्यांचा अपवाद ठेवला, पण हे जोडपं त्यात बसत नव्हतं. त्या रविवारी ती बाई मागच्या बाकावर बसली होती. मम्मींना इंग्रजी बेताचंच येतं. त्या उठल्या, तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि उपासना संपेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून होत्या. नंतर कुणीतरी तिला म्हणालं की देवाची योजना याहून चांगली असेल. तसं म्हणू नये. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हन्ना मूल व्हावं म्हणून मंदिरात रडली तेव्हा एली याजकानं आधी तिला दारू प्यायलेली समजलं होतं. रडणाऱ्या बाईला घाईनं काही सांगायला गेलं की असं होतं.

हन्नाबद्दल आणखी एक. शब्बाथ शाळेत आम्हाला ती मूल मागणारी बाई म्हणून शिकवली. हल्ली मला नंतरची हन्ना जास्त आठवते. मागून मिळालेल्या मुलाला, शमुवेलाला, मंदिरात सोडल्यावर दरवर्षी ती एक लहान झगा शिवून त्याच्यासाठी नेत असे. जवळ नसलेल्या पोराची उंची मनातल्या मनात मोजत शिवत असणार ती. आमची मुलं आज जिथं असतील तिथं कुणीतरी त्यांचे केस विंचरत असेल, ताप आला तर उशाशी बसत असेल. त्या बाईचं नावही आम्ही प्रार्थनेत घेतो, म्हणजे नाव ठाऊक नसताना घेतो.

आपल्या लोकांना हे सहसा आठवत नाही, पण ख्रिस्ती माणसाला भारतात दत्तक घेण्याचा हक्क तसा अलीकडचा. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. आपल्याला 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपायचं. माझ्या आत्यानं ऐंशीच्या दशकात एक मुलगी अशीच वाढवली. आतोबांनी वेळेवर मृत्युपत्र करून ठेवलं, कारण ते नसतं तर कायद्यानं तिच्या वाट्याला काहीच आलं नसतं. घरात ती लेक होती, कागदावर मात्र कधीच नाही. 2006 मध्ये बालन्याय कायद्यात दुरुस्ती झाली आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला खरंखुरं दत्तक घेण्याची वाट खुली झाली. आमच्या फायलीवर सप्टेंबर 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होईल, आणि त्यात आम्ही आईबाप असू. आत्येबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "नावं बदलू नका हं त्यांची."

नाही बदलणार. आमच्या घराण्याची सुरुवातच अशा मुलीपासून आहे. माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींमधली. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदनात ती वाढली, शिकली, तिथंच ख्रिस्ती विश्वासात आली. तिला जीव मिळाला, अन्न मिळालं, अक्षर मिळालं, आणि त्याबद्दल ती आयुष्यभर देवाचे उपकार मानत राहिली. पण आपल्या गावाचं नाव तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तिच्या आईचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आमच्या मुलांचं जे काही येईल ते, संस्थेची चिठ्ठी असो, जाहिरातीचं कात्रण असो, सापडलं त्या दिवशीचा फ्रॉक असो, सगळं आम्ही जपून ठेवणार आहोत आणि मागतील तेव्हा त्यांच्या हातात देणार आहोत.

धर्माचंही लोक विचारतात, कधी आडून, कधी तोंडावर. मुलं आमच्याबरोबर चर्चला येतील, जेवणाआधी आमच्याबरोबर हात जोडतील, नाताळच्या करंज्या भरायला बसतील. बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतः विचारला तरच, आणि तोही समज आल्यावर. सहा वर्षांच्या मुलाचं घर, देश, भाषा एका विमानात बदलत असताना त्याच्या देवाबद्दल आपण घाई करू नये. पाळकसाहेबांशी बोलणं झालंय, त्यांचंही मत हेच पडलं.

सध्याची स्थिती अशी. परदेशातून मूल दत्तक घ्यायला आम्ही पात्र आहोत अशी अमेरिकन सरकारची आय-800ए ही मंजुरी 15 महिने चालते. ती संपत आली म्हणून मुदतवाढीचा अर्ज टाकलाय आणि गृह-अहवालही नव्यानं झाला. समाजसेविका पुन्हा येऊन धुराचे अलार्म, औषधांच्या कपाटाचं कुलूप, दुमजली पलंगाचा कठडा असं सगळं पाहून गेली. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. मम्मींचे ठसे उमटेनात. आयुष्यभर जंतुनाशकाच्या पाण्यात हात, रेषा पार झिजल्यात. काउंटरवरच्या मुलीनं ओलं फडकं लावून, एकेक बोट हलकं दाबून पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसऱ्या खेपेलाही नाही उमटले, तेव्हा त्याऐवजी पोलिसांचे दाखले लागतील असं पत्र आलं. ते गोळा करणं चालू आहे. ते एकदा गेले की फाइल पुन्हा पूर्ण होईल.

तेव्हा जे आमच्यासाठी प्रार्थना करता, त्यांना एवढीच विनंती. मम्मींच्या दाखल्यांसाठी करा. चीनच्या वाटेवर थांबलेल्या त्या जोडप्यासाठी आणि त्या मुलीसाठी करा. तिला तिथंच चांगलं घर मिळावं म्हणून करा. आमची मुलं आज ज्यांच्या हाताखाली जेवतात त्या बायांसाठी करा. आणि या सगळ्याच्या आधी त्यांच्या आईसाठी करा, जमल्यास रोज.