जपान प्लॅन अपडेट ३: हिरोशिमा गेलं, ओकायामा आलं

तर मागच्या अपडेटनंतर सगळं पुन्हा उलटंपालटं झालंय. तेव्हा ८ रात्रींत ५ शहरं होती, टोकियो, हाकोने, क्योटो, हिरोशिमा, ओसाका, आणि शीटमध्ये मस्त बसतही होती. मग सहज म्हणून "बॅगा भरणे" असा एक कॉलम वाढवला आणि हवाच गेली. एका हॉटेलातून १० ला बाहेर, पुढच्या हॉटेलात ३ च्या आधी रूम नाही, असं चार वेळा, म्हणजे दोन दिवस त्यातच साफ.

त्यात आपण जातोय नोव्हेंबरअखेर. मेपल लाल झालेले असतील ते खरंय, पण क्योटोत पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि बरीच देवळं ४-५ लाच बंद होतात, त्यामुळे "दुपारी पोचू आणि दोन देवळं करू" हे विसराच. फुशिमी इनारी हे देऊळ तेवढं २४ तास उघडं, म्हणून ते पोचल्या दिवशी संध्याकाळी टाकलंय.

आता टोकियो ४, क्योटो ३, ओसाका १. उतरायचं टोकियोत आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून, उगाच मागे यायची भानगड नाही. जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) घेणारच होतो, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० झालाय आणि आमची सगळी तिकिटं मिळून माणशी ३० हजारांच्या आसपास जातायत, सो पास कॅन्सल. मोठ्या बॅगा ताक्क्यूबिनने (सामान पोचवणारी कुरियर सेवा) टोकियोच्या हॉटेलातून थेट क्योटोच्या हॉटेलात पाठवायच्या, दुसऱ्या दिवशी पोचतात. शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेन) लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वर बॅग असेल तर मोठ्या बॅगेची जागा असलेली सीट आधी बुक करावी लागते, आणि आईची बॅग टेप लावून मोजली, नापास. क्योटोकडे जाताना फुजी उजवीकडे, म्हणून खिडकीची ई सीट, आईसाठी.

आता ओकायामा. आई रोज सकाळी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाते, आणि ती बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलीय हे मी बोलता बोलता सांगून बसलो. "मग एवढं लांब जाऊन मूळची बघायची नाही?" संपला विषय. क्योटोहून नोझोमी बुलेट ट्रेनने तासाभरात, बागेला लागूनच काळा किल्ला, हॉटेल न बदलता संध्याकाळी परत. हिरोशिमा त्याच लाइनवर पुढे आहे, पण जवळच्या मियाजिमा बेटासकट ते घाईत उरकायचं नाही मला. जीवावर आलं कापताना.

टोकियोचा चौथा दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. बायको तिथे हळूच हाकोने घुसवायला बघतेय, काल रात्री शीटमध्ये पिवळा रंग करून ठेवला होता, मी सकाळी पुसला.