तांदळातले ते वेगळे दाणे

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी रेशनचा तांदूळ निवडायला बसले की सुपात दोन ढीग पडायचे. एक तांदळाचा आणि दुसरा त्यातल्या वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांचा. जरा पिवळट, गुळगुळीत, धुताना कधी कधी वर तरंगणारे. आमच्या ठाण्यातल्या किसननगरच्या चाळीत सगळ्याच जणी म्हणायच्या, प्लास्टिकचा तांदूळ मिसळलाय, पोरांच्या पोटात जाऊ देऊ नका. मग मीही उजेडाला बसून एकेक दाणा वेचायचे आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचे.

त्याच दिवसांत माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती, शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. दुसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत तिला धाप लागायची. अभ्यासाचा कंटाळा म्हणून मी तिला बोलायचे, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन 8.7. या वयात 12 च्या वर पाहिजे. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचंही करून घ्या. माझं 9.4 निघालं.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या, जंताची गोळी मिळाली. पंधरा दिवसांनी आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, घरी विचारपूस करायला आल्या, तेव्हा मी तांदूळच निवडत होते. बाजूचा छोटा ढीग त्यांनी बोटाने हलवला आणि म्हणाल्या, "अहो ताई, हेच तर खायचं!" तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून यंत्रातून दाण्यासारखा आकार देतात आणि साध्या तांदळात मिसळतात, असं त्यांनी समजावलं. किलोमागे असे दहाच ग्रॅम. त्यांनी त्यातली चिमूटभर वेगळी शिजवायला लावली. बोटाने दाबली तर शिताचा लगदा झाला, प्लास्टिक कुठलं! भात वेळून पेज ओतून देऊ नका, बेताचं पाणी घालून जिरवा, हेही त्यांनीच सांगितलं. (घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

तेवढ्या दाण्यांनीच मुलीचं रक्त भरून आलं असतं असं नाही, गोळ्या लागल्याच असत्या. पण घरात आलेलं मी स्वतःच्या हाताने फेकत होते, हे मनाला फार लागलं. आणखी काय काय असं वाया जातंय, ते मी त्या दिवसापासून शोधायला लागले.

आम्ही घरात पाच माणसं. सासूबाईंच्या जुन्या केशरी कार्डावर माणशी पाच किलो म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य येतं. पूर्वी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. म्हणजे पोट भरायची काळजी नाही. डाळ, भाजी, तेल, अंडी यांसाठी माझ्या हातात साडेचार हजार उरतात, त्यात माझे साड्यांच्या फॉल-बिडिंगचे पैसे धरलेत. एक महिना मी मुलाच्या जुन्या वहीत पैन् पै लिहिली. खारी, बिस्किटं आणि पाच-पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्या यांवर जवळजवळ नऊशे गेले होते. एका पुडीवरचं वजन वाचलं, साडेबारा ग्रॅम. म्हणजे चारशे रुपये किलो. शेंगदाणे आमच्याकडे दीडशेने मिळतात.

मुलांना एकदम बंद केलं नाही. शनिवारी एक पुडी. बाकी दिवस भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा. धाकट्याने आठवडाभर रडून घर डोक्यावर घेतलं. मग त्याचं तोच डब्यातून घ्यायला लागला.

चहाचं जास्त जड गेलं. आमच्याकडे न्याहारीच चहा-चपातीची. डॉक्टरबाईंनी सांगितलं की चहामुळे जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, तासाभराचं अंतर ठेवा. उलट लिंबू पिळलं तर ते जास्त लागतं. सासूबाईंना चहाशिवाय चपाती गिळवेना. आता सकाळी त्यांना आधी चहा देते आणि मग तासाने मोडाच्या मटकीची उसळ-चपाती. त्यांनी हे नातीसाठी ऐकलं, माझ्यासाठी ऐकलं असतं का, माहीत नाही.

पण खरी शिकवण मला त्यांच्याकडूनच मिळाली. त्या मूळच्या महाडकडच्या. माळ्यावर त्यांची लोखंडी कढई पडून होती, मी नॉनस्टिक आणल्यापासून कुणी हात लावला नव्हता. ती त्यांनी स्वतः घासून, तेल लावून चुलीवर, म्हणजे आमच्या गॅसवर, चढवली. पहिल्या पावसानंतर जांभळी नाक्याच्या मंडईजवळ येऊरच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. मी त्यांच्यासमोरून वर्षानुवर्षं कोबी घ्यायला पुढे जात होते. सासूबाई थांबल्या, वाकल्या आणि टाकळ्याची पानं बोटांत चुरून बघितली. कोवळी होती. वीस रुपयांत दोन मोठे वाटे.

टाकळा निवडायला वेळ लागतो. जाड देठ काढून नुसती पानं घ्यायची. तीन-चार पाण्यांतून धुवायची, तळाला माती बसते. कढईत तेल तापलं की भरपूर ठेचलेला लसूण, तो लाल होऊ द्यायचा, मग कांदा, मिरची आणि दोन तास भिजवलेली मूठभर चण्याची डाळ. डाळ बोटाने तुटायला लागली की पानं घालायची. एवढा मोठा ढीग बघता बघता मुठीएवढा होतो. दोन आमसुलं, वरून खोबरं असलं तर. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, लोखंडात राहिली तर काळी पडते. नाचणीच्या भाकरीबरोबर मुलीने दोनदा मागून घेतली.

मे महिन्यात चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून सुका जवळा घेऊन ठेवते, तो पावसाळाभर पुरतो. अंडी आठवड्याला दहा.

आणि एक बदल फुकटात झाला. सासूबाई आणि मी सगळ्यांच्या मागून जेवायचो. तळाला डाळ राहायचीच नाही, नुसतं पिवळं पाणी. आता आमटी ढवळून आधी पाच वाट्या भरते आणि मग हाक मारते. पहिल्या दिवशी सासूबाई आपली वाटी मुलाकडे सरकवायला लागल्या, तर हेच म्हणाले, "आई, ती तुझी आहे."

तीन महिन्यांनी मुलगी 10.9 वर आली, सहा महिन्यांनी 12.1. माझं अजून 11.6 वर अडलंय, गोळ्या चालू आहेत. दुधाचं मात्र जमत नाही. पाच जणांत अर्धा लिटर, त्यातलं निम्मं चहात जातं. उरलेलं विरजून मुलांना दुपारी ताक देते. फळ म्हणजे केळी, आणि पेरू स्वस्त झाले की पेरू. सध्या रोज वीस रुपये डब्यात बाजूला टाकतेय, दूध एक लिटर करायचंय. बघू, दिवाळीपर्यंत फॉल-बिडिंगचं काम वाढतंच.