थाई वाचायला का शिकले, हे तुम्ही विचारलेत म्हणून

दर वर्षी सांगलीला गेले की कोणी ना कोणी विचारतेच, "तुला बोलता येते, लेक घडाघडा वाचून दाखवते, मग या वयात थाई लिपीचा खटाटोप कशासाठी केलास?" बँकॉकमधली आपली मंडळी वेगळे विचारतात, "ती तर आपल्याच लिपीची बहीण, पंधरा दिवसांत आली असेल ना?" पहिल्या प्रश्नाला मी आजवर रस्त्यावरच्या पाट्या, औषधांच्या पिशव्या, बसचे मार्ग अशी उत्तरे देत आले. ती खोटी नाहीत, पण खरे कारण त्यांत नाही. दुसऱ्या प्रश्नाचा मला आजही राग येतो, कारण त्यात निम्मे तथ्य आहे आणि त्या निम्म्यानेच मला सर्वांत जास्त चकवले. दोन्हींचे उत्तर आता एकदाच लिहून टाकते.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही लेकीला नव्या शाळेत घातले. ती सात वर्षांची होती आणि 'प्रथोम'च्या दुसऱ्या वर्गात होती. 'प्रथोम' म्हणजे आपले 'प्रथम', प्राथमिक शाळा. आधीच्या बालवाडीतल्या बाई प्रत्येक गोष्ट मला फोनवर सांगत असत. नव्या शाळेतून चिठ्ठी येई. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अशीच एक चिठ्ठी आली, फिकट पिवळ्या कागदावर, सगळी थाईत, तारीखसुद्धा थाई अंकांत. मी तेव्हा भाजी चिरत होते. लेकीने विचारले, "आई, वाचलीस ना?" मी म्हणाले, "हो, वाचली," आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकला.

थायलंडमध्ये १९७६ पासून १२ ऑगस्ट, म्हणजे राणी सिरिकित यांचा जन्मदिवस, मातृदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून शाळांतला कार्यक्रम आदल्या एक-दोन दिवसांत होतो. आया ओळीने खुर्च्यांवर बसतात, मुले गुडघ्यांवर येऊन त्यांच्या पायांशी डोके टेकतात आणि हातात मोगऱ्याची माळ देतात. बालवाडीत हे मी दोनदा अनुभवले होते. या वेळी फोन आला नाही, तेव्हा मोठ्या शाळेत असे काही करत नसावेत असे मी धरून चालले. त्या वर्षी बारा तारखेला शनिवार होता. शुक्रवारी दुपारी लेक घरी आली, दप्तर उघडले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली माळ काढून माझ्या हातात दिली. मोगऱ्याच्या कळ्यांच्या कडा तपकिरी पडू लागल्या होत्या आणि पिशवीला आतून वाफ धरली होती. ती म्हणाली, "बाईंच्या पाया पडले. मग त्यांनी माळ परत दिली, आईला दे म्हणाल्या. तुझी खुर्ची ठेवली होती." ती रडली नाही, रागावलीही नाही. मी माळ देवापुढे ठेवली, कारण तिचे दुसरे काय करावे हे मला सुचले नाही.

घरच्यांना मी चिठ्ठी हरवली म्हणून सांगितले. पुढे कित्येक वर्षे हीच हकीकत मी सर्वांना सांगत आले. चिठ्ठी हरवली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ती पाच दिवस होती आणि मी वाचली म्हणून सात वर्षांच्या मुलीशी खोटे बोलले होते. त्या वेळी आपल्या मंडळींत "हिला थाई छान येते" अशी माझी ओळख करून दिली जाई. बाजारात मी घासाघीस करू शकत होते, रिक्षावाल्याशी वाद घालू शकत होते, आणि बोलता आले म्हणजे भाषा आली असे मी स्वतःला पटवून दिले होते. ते पटवणे मुलीसमोर मोडायचे नव्हते, एवढेच त्या 'हो'मागचे कारण होते.

त्या वेळची मी समोर आले तर अजूनही भांडेन. म्हणेन, वर्गात परदेशी मुले होती, शाळेने दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या असत्या तर काय बिघडले असते? हा मुद्दा मला आजही पूर्ण खोडता येत नाही. पण थाई देशातल्या थाई शाळेने थाईत लिहिले, यात तक्रार करण्यासारखे काय होते, हेही मला तितक्याच जोराने वाटते. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी राहतात.

सप्टेंबरमध्ये मी लहान मुलांचा अक्षरांचा तक्ता आणला. त्यात ४४ व्यंजने असतात, त्यांतली दोन आता वापरात नाहीत. प्रत्येकाला एकेक नाव जोडलेले असते: 'को' कोंबडीचा, 'खो' अंड्याचा. क्रम पाहून मला हायसे वाटले, कारण मधूनमधून जास्तीची अक्षरे असली तरी सांगाडा आपल्या क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचाच होता. ब्राह्मीपासून पल्लव, तिथून ख्मेर आणि तिथून थाई अशी ती वाट आहे. पण 'ग'च्या जागचे अक्षर 'ख' वाचायचे असते, 'द'च्या जागचे 'थ', 'ब'च्या जागचे 'फ'. ट-वर्ग आणि त-वर्ग कानाला एकच. शब्दाच्या शेवटी आलेला 'र' हा 'न' होतो आणि 'स' हा 'त' होतो. न, ग, र अशी तीन अक्षरे समोर दिसली की माझे मन 'नगर' म्हणून मोकळे होई, आणि तिथे म्हणायचे असते 'नखोन'. आहाराचा 'आहान', रसाचा 'रोत', देशाचा 'थेत'. विमानतळावर सुवर्णभूमि लिहिलेले आहे, वाचायचे 'सुवन्नफूम'. देवनागरी येणाऱ्याला अक्षरे लवकर ओळखू येतात आणि त्याच ओळखीने तो चुकीचे वाचत राहतो. पंधरा दिवसांचा हिशेब करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मग ही दोन-दोन 'ख' कशाला, असे मी वैतागून विचारत असे. त्याचे उत्तर मला सर्वांत आवडले. जुन्या थाईत 'ग' हा खरोखर 'ग'च होता. पुढे तो घोष, म्हणजे उच्चारातला घशाचा कंप, हरवला, पण फरक हरवला नाही. तो सुराच्या चढउतारात जाऊन बसला. म्हणून आपल्या 'ख'च्या जागच्या अक्षराने लिहिलेला 'खा' खालून वर चढतो आणि त्याचा अर्थ होतो पाय. 'ग'च्या जागच्या अक्षराने लिहिलेला 'खा' सपाट राहतो. व्यंजनांचे तीन वर्ग आहेत, मध्यम ९, उच्च ११ आणि निम्न २४, आणि पाचांपैकी कोणता सूर लावायचा हे वर्ग, स्वराची लांबी, शेवटचा वर्ण आणि डोक्यावरची खूण मिळून ठरवतात. खुणांची नावे 'एक', 'थो', 'त्री', 'चत्तवा'. 'थो' लिहिताना अक्षर 'द'च्या जागचेच असते. हे सगळे अंगवळणी पडायला मला आठ महिने लागले. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, तिचा त्रास मात्र मला कमी झाला, कारण आजोबांच्या जमिनीच्या मोडी कागदांत शब्द असेच सलग चिकटलेले मी लहानपणी पाहिले होते.

त्या चिठ्ठीतला पहिला शब्द मी वाचला तो 'मॅ', म्हणजे आई. स्वर आधी, मग 'म', त्यावर 'एक'ची छोटी उभी रेघ. आपल्या पहिल्या वेलांटीसारखा हा स्वर व्यंजनाच्या डावीकडे बसतो. 'म' निम्न वर्गातला, म्हणून सूर वरून खाली येतो. 'म' आणि 'न' यांत फरक फक्त तळाच्या गाठीचा आहे, 'म'ची डावीकडे आणि 'न'ची उजवीकडे. पहिल्या दिवशी मी 'नॅ' वाचले होते. हा शब्द त्या कागदावर सहा वेळा आहे.

लेक आता मोठ्या वर्गात गेली आहे आणि तिचे हस्ताक्षर मला लागत नाही, कारण हाताने लिहिताना गाठी गळून पडतात. त्यामुळे शिकून काय भरून निघाले, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. ती चिठ्ठी मात्र २०१८ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सकाळी साडेआठला यावे, फिकट निळा पोशाख घालावा, असे तीत लिहिले होते. तळाशी तुटक रेषेखाली फाडून परत पाठवायची पट्टी होती, दोन चौकोन असलेली: येणार, येणार नाही. ती पट्टी कागदाला अजून तशीच जोडलेली आहे. मी काहीच कळवले नव्हते, तरी माझी खुर्ची ठेवलेली होती. आई येणार आहे, असे बाईंना कोणीतरी तोंडी सांगितले असणार. कोणी सांगितले, हे मी लेकीला अजून विचारलेले नाही.