स्पेन्सच्या टाक्या

जहाजाच्या स्थैर्याचा विषय शिकवताना मी यूएसएस स्पेन्सची केस घेतोच: तेलाच्या टाक्या जवळपास रिकाम्या असलेली ही अमेरिकी युद्धनौका डिसेंबर 1944 मधल्या वादळात उलटली. या खेपेला गणितं भराभर सुटली, आणि एका कॅडेटने विचारलं, "सर, रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून जहाज तळाशी जड करायचं एवढंच काम होतं. कॅप्टनने ते वेळेत का नाही केलं?" उरलेला तास त्यातच गेला.

स्पेन्स ही फ्लेचर वर्गाची विनाशिका. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात या वर्गाची 175 जहाजं बांधली. लांबी 376 फूट 6 इंच, रुंदी 40 फुटांना जराशी कमी, ताकद 60,000 अश्वशक्ती, 5 इंची पाच तोफा आणि दहा टॉर्पेडो नळ्या. आराखडा ऐसपैस होता, म्हणूनच विमानांचा धोका वाढला तशा त्यावर 40 मिमी बोफोर्स आणि 20 मिमी तोफा चढवता आल्या. शिवाय रडार, जादा दारूगोळा आणि जादा माणसं. बहुतेक सगळा भार वरच्या अंगाला. एकेक बदल किरकोळ वाटतो, पण गुरुत्वमध्य दर वेळी थोडा वर सरकतो, आणि जहाज उलटणं तेवढं सोपं होतं.

नोव्हेंबर 1943 मध्ये हेच जहाज अमेरिकी नौदल अधिकारी आर्ले बर्क यांच्या स्क्वाड्रनमधून, पॅसिफिकमधल्या एम्प्रेस ऑगस्टा बे आणि केप सेंट जॉर्जच्या लढाया लढलं होतं.

17 डिसेंबर 1944 ला लूझॉनच्या पूर्वेला, वादळाच्या तोंडावर, स्पेन्समध्ये सुमारे 15 टक्के तेल उरलं होतं. न्यू जर्सी या युद्धनौकेकडून तेल घ्यायचा प्रयत्न झाला, पण समुद्र खवळलेला, होज तुटले. इथे मी फळ्यावर सोपे आकडे मांडतो. ते स्पेन्सचे नाहीत, सरावाचे आहेत. जहाज 2,900 टन, गुरुत्वमध्य तळापासून 4.5 मीटरवर. तळाशी, 1.5 मीटर उंचीवर असलेलं 400 टन तेल जळून गेलं, तर गुरुत्वमध्य 4.98 मीटरवर जातो. काहीही वर न चढवता 48 सेंटिमीटरचं नुकसान!

आता कॅडेटच्या प्रश्नाचं उत्तर. तेलाच्या टाकीत खारं पाणी घेतलं की पुन्हा तेल भरण्याआधी ते उपसावं लागतं, आणि त्यात तास जातात. तळाशी पाणी राहिलं तर ते तेलाबरोबर बर्नरपर्यंत जातं आणि ज्योत विझते. सकाळी टँकर पुन्हा होज देणार आहे असं ज्याला वाटतंय, तो रात्री टाक्या पाण्याने भरायला कचरतो. माझ्या मते हा निष्काळजीपणा नव्हता; चुकला तो हवामानाचा अंदाज, आणि तो अख्ख्या ताफ्याचा चुकला.

18 तारखेला व्हेंटिलेटरमधून पाणी आत आलं, विजेची उपकरणं भिजली. जहाज डावीकडे 72 अंश कललं तेव्हा दिवे गेले, पंप थांबले. म्हणजे आलेलं पाणी उपसणं संपलं, आणि बॅलास्ट, म्हणजे वजनासाठी टाक्यांत पाणी, घेणंही. सुकाणू अडकलं. अकराच्या सुमारास स्पेन्स उलटली. वाचले ते 24 जण. त्याच वादळात हल आणि मोनाहन या जुन्या फॅरागट वर्गाच्या विनाशिकाही बुडाल्या.

"मग उशिरा का होईना, सगळ्या झडपा एकदम उघडायच्या ना?" दुसऱ्याने विचारलं. नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी जहाजाबरोबर त्याच बाजूला धावतं. 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद टाकी आणि 2,500 टनांचं जहाज घ्या: जीएम, म्हणजे कललेलं जहाज पुन्हा सरळ होण्याच्या क्षमतेचं माप, 17 सेंटिमीटरने घटतं. मधोमध उभी भिंत घातली की ही घट चौथाईवर येते, साधारण 4.4 सेंटिमीटर, कारण रुंदीचा घन लागतो. म्हणून सर्वात खालची जोडी आधी, डावी-उजवी बरोबरीने, काठोकाठ, आणि मगच पुढची. घाईत अशा चार जोड्या एकदम अर्ध्या भरल्यात, तर भिंती असूनही तेच 17 सेंटिमीटर गेले.