काडतुसाच्या तोंडाला भोक

आमचा आतेभाऊ टेक्सासला असतो, क्ले शूटिंगचा (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम) भारी नाद, काडतुसं घरीच भरतो, तिकडे चालतं ते, आपल्याकडे लायसनशिवाय हात पण लावायचा नाही बरं का. आज डिचोलीत लाईट गेलेली, उकाड्यात बसून व्हिडिओ कॉलवर तोच विषय. 12 बोरची पुंगळी (काडतुसाची नळी), तोंड दुमडलं की मधोमध भोक राहतं, छर्रे बाहेर. म्हणजे आतला माल उंच झालाय, वॅड (बंदुकीची दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) नीट खाली बसलेला नाही किंवा त्या पुंगळीला तो मोठाच पडतो. उलट माल कमी भरला की तोंड बशीसारखं आत खचतं. त्यात याच्या पुंगळ्या 6 घड्यांच्या आणि मशीनचा स्टार्टर, म्हणजे घड्या पाडायला सुरुवात करणारा भाग, 8 चा, मग घड्या पिळणारच ना! मी म्हटलं दारू जरा कमी घाल की, तर केवढा ओरडला, ती भरायच्या मापांच्या चार्टात दिलीय तेवढीच, वॅड बदलायचा तर तोही चार्टातलाच. बरोबर आहे म्हणा. कडा चिरलेल्या जुन्या पुंगळ्या मात्र फेकवत नाहीत त्याला, एक नंबरचा चिकट. मधेच आत्या ओरडली, ते राहू दे, चतुर्थीला येतो की नाही विचार आधी.