मोडी अपडेट: आता लोकांचे कागद वाचून देते

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. बँकेतून रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की आता आराम करा, पर्वती चढा, भिशी लावा. पर्वती चालू आहे, भिशीत काही जीव रमेना, मग मोडीच्या, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीच्या, मागे लागले.

प्रगती म्हणाल तर बाराखडी पक्की झाली, पण अक्षर ओळखणं वेगळं आणि ओळ वाचणं वेगळं. आधी अख्खी आडवी रेघ मारायची आणि मग खाली अक्षरं लिहीत जायची, शब्द कुठे संपला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. पेशवाईतलं बोरूचं (वेताच्या लेखणीचं) वळण आता बऱ्यापैकी सुटतं, इंग्रजी अमलातलं टाकाने (निबच्या पेनाने) भराभर ओढलेलं अजून छळतं. काउंटरवर जन्मभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या ती नजर इथे कामी येतेय, हे मात्र खरं. आणि नवीन लोकांनो, नुसतं बघून मोडी येत नाही, रोज पानभर नक्कल काढा.

परवा बिल्डिंगमधले आजोबा सासवडकडचा घरातला कागद घेऊन आले. देवाच्या नंदादीपाच्या तेलासाठी दिलेल्या जमिनीचा. तारीख होती ‘छ 5 सफर, सन सीत सबैन मया व अलफ’. छ म्हणजे चंद्र, सफर हा मुसलमानी महिना, आणि पुढचे अरबी आकडे म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार, झाले 1176. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, मृगाला सुरू होतो, म्हणून इंग्रजी साल काढायला डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून 600. जंत्री (जुन्या-नव्या तारखांचा मेळ दाखवणारं पुस्तक) काढली तर सफर निघाला मार्च-एप्रिलात, म्हणजे साल 1776! त्याच मार्चच्या 1 तारखेला मराठे-इंग्रजांचा पुरंदरचा तह झालाय, वर गडाच्या नावाने एवढं राजकारण आणि खाली गावात तेलाची काळजी :) आजोबांनी माझ्याकडून ती ओळ तीनतीनदा वाचून घेतली.

तेव्हापासून सोसायटीत मी ‘मोडीवाल्या काकू’. एवढी वर्षं नुसती ‘मॅडम’ होते. मुलगा म्हणतो छान टाइमपास आहे, टाइमपास कसला, लोक विचारायला लागलेत ‘काकू, झालं का वाचून?’

आता सावकारी हिशेबाचे कागद घेतलेत, पाव-अर्धा-पाऊणच्या उभ्या रेघा मोजताना डोळे फिरतात. कुणाकडे जुनी चोपडी असेल तर फोटो पाठवा, पण फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात काढा, आणि वरची-खालची ओळ कापू नका हो, तारीख तिथेच कुठेतरी असते.