ओकेचं बटण पडद्याखाली

२००८ साली मी घरी आसुसचा ईईई पीसी ७०१ हा चिमुकला लॅपटॉप आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी फ्लॅश, वजन किलोच्या आत. सुरू केला की थेट मोठमोठी चित्रं आणि वर इंटरनेट, वर्क, लर्न, प्ले असे कप्पे. आप्पा खूश. मला मात्र बालवाडीत बसवल्यासारखं वाटायचं. त्यात आप्पांच्या हळदीच्या अडतीसाठी मी हिशेबाचा एक प्रोग्रॅम टाकला, तर त्या चित्रांच्या गर्दीत तो कुठं दिसेचना.

नेहमीच्या कॉम्प्युटरसारखा पूर्ण डेस्कटॉप आतच दडलेला असायचा. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायचं, ‘केएसएमसर्व्हर’ आणि ‘किकर’ ही दोन पॅकेजं इंटरनेटवरून टाकायची, की यंत्र बंद करायच्या खिडकीत ‘फुल डेस्कटॉप’चा पर्याय यायचा. सांगलीत तेव्हा लोडशेडिंग; यंत्राला बॅटरी होती, मॉडेमला कुठली? तरी दुपारच्या आत झालं. स्टार्टसारखं बटण, खाली पट्टी. मी कॉलर ताठ.

मग हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये गेलो. वर्ष एप्रिलपासून धरायचं, एवढंच काम. एप्रिल निवडला आणि ओके शोधायला लागलो. ओके नव्हतंच! पडदा ८०० बाय ४८०चा, खिडकी त्याहून उंच, आणि बटणं पडद्याच्या खाली कुठंतरी. खिडकीची कड धरून ओढली, हलेना. वर सरकवायला गेलो, तर खिडकीच्या वरची निळी पट्टी पडद्याच्या माथ्याला अडायची. टॅब दाबला की एकेक बटण पुढे जाता येतं, म्हणून शेवटी टॅब मोजत गेलो: अकरा वेळा टॅब, मग एंटर. खिडकी मिटली. परत उघडून बघतो तर वर्ष जानेवारीपासून. म्हणजे मी कॅन्सल दाबत होतो. बारा टॅब मारले, तर मदतीचं पान उघडलं. दहा मोजले की नऊ, हेच विसरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी वैतागून ते यंत्र पिशवीत घालून विश्रामबागला मित्राकडे गेलो, त्याच्या मोठ्या मॉनिटरला जोडलं आणि एक ओके दाबून परत आलो. एका क्लिकसाठी रिक्षाचं भाडं! आप्पा म्हणाले, "तुझ्यापेक्षा चोपडी बरी."

त्याआधी रागाच्या भरात मी सुरू होताना एफ-९ दाबून सगळं मूळपदावर आणलं होतं, ते वेगळंच. हे करणार असाल तर फायली आधी पेन ड्राइव्हवर घ्या. मी घेतल्या नव्हत्या. मूळ सिस्टीम एका न बदलणाऱ्या भागात असते, आपलं सगळं तिच्यावर अंथरलेल्या थरात, आणि पुसला जातो तो थर. म्हणूनच कंपनीनं दिलेले गेम काढूनही जागा मोकळी होत नाही. अर्धा रविवार त्यात गेला.

आठवड्यानं कळलं: ऑल्ट दाबून ठेवायचं, खिडकीत कुठंही धरायचं आणि वर ओढायचं. ती पडद्याच्या माथ्यावरून सरळ बाहेर जाते आणि खालची बटणं वर येतात. बस्स! मला कुणी आधी का नाही सांगितलं?

आप्पांना मी शेवटी चित्रंच परत लावून दिली. हिशेबापुरता पूर्ण डेस्कटॉप मी उघडायचो.

परवा भाच्यानं रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला सात इंची टचस्क्रीन जोडला. तोही ८०० बाय ४८०चाच. थोड्या वेळानं आतून हाक आली, "मामा, ह्यात ओके कुठंय?"